वर्षभर मुलांसोबत काय काय करता येईल? सातारा-सांगलीकडचे शिक्षक आणि पालक, इकडे या

वडाची_पारंबी (६ मे, सकाळी १०:१२)

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. सुट्टी लागली आहे आणि जून उजाडायच्या आत पुढच्या वर्षाची आखणी करायची आहे, म्हणून हा धागा.

नेटवर 'वर्षभराचे उपक्रम' शोधले की तयार फाइली भरपूर मिळतात. डिसेंबरात बर्फाचा बाहुला रंगवा, ऑक्टोबरात मेपलची लाल पानं चिकटवा. वर्गातली मुलं तेही मन लावून रंगवतात. पण फेब्रुवारीत शाळेमागच्या बांधावर पळस फुललेला असतो, त्याबद्दल त्यांना कुणी काही विचारत नाही. आपल्याकडे पेरणी, पालखी, पूर, हळद, ऊसतोड असं वर्ष डोळ्यांदेखत बदलत असतं आणि त्यातलं काहीच उपक्रमांच्या वहीत येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर तीन गोष्टी हव्या आहेत. महिन्यागणिक आपल्याच दोन जिल्ह्यांतलं काय घेता येईल? मराठीत फुकट मिळणारं चांगलं साहित्य कुठे आहे? आणि शेतातून किंवा कंपनीतून दमून येणाऱ्या आईवडिलांना घरी मुलासोबत काय करता येईल? शनिवारी दप्तराविना वेळ मिळतो, तो सत्कारणी लावायचा आहे. खर्च जवळपास शून्य हवा.

---

कृष्णाकाठची (६ मे, सकाळी ११:०५)

छान धागा. सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये सकाळचा पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला पाणी किती?" तोच वर्गात न्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात रोज आकडा बातम्यांत येतो. कोयनेचा साठाही येतो, १०५ टीएमसीपैकी (म्हणजे अब्ज घनफुटांपैकी) किती भरलं ते.

आमच्या घरी जून ते सप्टेंबर भिंतीवर आलेखाचा कागद असतो. त्यावर दोन रेघा, एक कोयनेच्या साठ्याची आणि एक आयर्विनच्या पातळीची. मुलीला वाटायचं की धरणातून पाणी सोडलं की मगच नदी चढते. मग एका आठवड्यात धरणातून काहीच सोडलेलं नव्हतं, तरी रेघ वर गेली. "असं कसं?" म्हणून नकाशा उघडला. वेण्णा माहुलीला मिळते, तारळी उंब्रजला, कोयना कराडला, हे तिने स्वतः बोट फिरवून शोधलं. वारणा तर हरिपूरला, म्हणजे आयर्विनच्याही खाली मिळते. धडा वाचून हे इतकं पक्कं बसलं नसतं.

आणखी एक. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा ज्यांनी घर सोडलं त्या घरांतली मुलं अजून पाऊस वाढला की गप्प होतात. आकडा रोज स्वतःच्या हाताने मांडला की भीती थोडी आवाक्यात येते. हे मी घरात पाहिलं आहे, म्हणून सांगते.

---

माणदेशी_वारं (६ मे, दुपारी १:३०)

आमच्याकडं पाणी चढायची भीती न्हाई. ढग आला तरी पोरं अंगणात पळत्यात.

ताई, पर्जन्यमापक करा. प्लास्टिकची सरळ अंगाची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापायचा आणि तोच उलटा करून नाळक्यासारखा बसवायचा. बाटलीचा बूड खडबडीत असतो, म्हणून तळाला खडं टाकून ते बुडंपर्यंत पाणी भरायचं आणि तिथं शून्याची खूण करायची. बाहेरून पट्टी चिकटवायची. झालं. उघड्यावर ठेवायचा, झाडाखाली किंवा पत्र्याच्या वळचणीला न्हाई.

आता खरी गंमत. एक मिलिमीटर पाऊस म्हंजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे पोरांना एकदा कळलं की घराचं छत मोजा म्हणायचं. शंभर चौरस मीटरचं छत आणि आमच्याकडचा वर्षाचा पाचशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस, म्हंजे पन्नास हजार लिटर. गुणाकार करून पोरं माझ्याकडं बघत बसली. "एवढं पाणी छतावर पडतंय मग टँकर कशाला लागतोय?" हा प्रश्न चौथीच्या पोरानं विचारला. त्याचं उत्तर द्यायला मी त्याच्या आईबापाला शाळेत बोलावलं आणि सगळ्यांनी मिळून बोललो.

आणि आपलाच जिल्हा बघा. महाबळेश्वरात साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि म्हसवडला त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. मधलं अंतर रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आत. महाबळेश्वर, सातारा, कोरेगाव, दहिवडी अशा शाळांनी एकाच दिवशीचं आकडं एकमेकांना कळवलं तर भूगोलाचं पुस्तक उघडायची गरज न्हाई.

---

वडाची_पारंबी (६ मे, दुपारी २:१०)

माणदेशी_वारं, ही शेवटची कल्पना मला फार आवडली. साखळी करूया का? कोरेगावचा आकडा माझा. महाबळेश्वरकडचं कुणी आहे का इथे?

---

दोन_शिफ्ट (६ मे, रात्री ९:५५)

मी शिक्षिका नाही, आई आहे. कराडजवळ कंपनीत काम करते, नवराही शिफ्टमध्ये. थोडं कडू बोलते, राग मानू नका.

'पालकांसाठी उपक्रम' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री साडेनऊला मुलगा सांगतो की उद्या सौरमाला करून न्यायची आहे. दुकानं बंद होत आलेली. थर्माकोलचे गोळे, रंग, तारा, दोनशे रुपये गेले. करायची मी, कारण त्याला झोप आलेली. दुसऱ्या दिवशी ज्या घरात वेळ आणि पैसा आहे त्या घरच्या सौरमालेचं कौतुक. मुलगा काय शिकला? आई चिडते, एवढंच.

शाळेने जे द्यायचं ते असं द्या की विकत काही आणावं लागणार नाही आणि ते मुलानेच करायचं. माझ्याकडे रात्री जेवताना वीस मिनिटं आहेत. ती मी आनंदाने देईन.

---

निवृत्त_मास्तर_पलूस (७ मे, सकाळी ७:२०)

दोन_शिफ्ट, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते प्रत्येक शिक्षकाने वाचावं. मीही शेवटी शेवटी घरून करून आणायच्या वस्तू बंद केल्या होत्या. वर्गात जे होईल तेच तपासायचं. घरी न्यायचा तो फक्त एक प्रश्न, उत्तर तोंडी. "आजीच्या लहानपणी गावात पिठाची गिरणी होती का?" "आपल्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू कुठली?" जेवताना विचारायचं आणि सकाळी वर्गात सांगायचं. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं, उलट त्या घरांतून अशी माहिती येते की आपण ऐकत राहावं.

आता मूळ प्रश्नाकडे. माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त टिकलेला उपक्रम म्हणजे 'माझं झाड'. जूनमध्ये प्रत्येक मूल एक झाड निवडतं. शाळेचं, घरचं, वाटेवरचं, कुठलंही. दर शनिवारी त्याच झाडाकडे जायचं आणि वहीत चारच ओळी. नवी पालवी आहे का, फुलं आहेत का, फळं आहेत का, पानं गळताहेत का. पाचव्या ओळीत त्या दिवशी झाडावर दिसलेला प्राणी-पक्षी.

पहिले दोन महिने मुलं कंटाळतात, कारण काही बदलत नाही असं त्यांना वाटतं. तिथे शिक्षकाने नेट धरायचा. दिवाळीनंतर रंगत येते. आंब्याला मोहर दिसायला लागतो. सावरीची पानं झडून नुसत्या फांद्यांवर फुलं येतात, त्यावर मैना आणि कावळे तुटून पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि पांगारा. पाडव्याच्या सुमाराला कडुलिंबाला बारीक पांढरा फुलोरा. बहावा सुट्टीत फुलतो, म्हणून बहावा निवडणारं मूल सुट्टीतही वही घेऊन फिरतं.

एका मुलीची चिंच रस्तारुंदीत तोडली गेली. तिने त्या शनिवारी वहीत बुंध्याची वलयं मोजून लिहिली आणि पुढच्या शनिवारी दुसरं झाड निवडलं. ती वही मी जपून ठेवली आहे.

'सीझनवॉच' नावाचा एक देशव्यापी उपक्रम आहे, त्यात शाळा नोंद करू शकतात आणि मुलांची निरीक्षणं थेट अभ्यासकांपर्यंत जातात. ऋतू कसे सरकताहेत ते यावरून कळतं. फुकट आहे. पण वही आधी, मोबाईल नंतर.

---

गच्चीवरून_सांगली (७ मे, सकाळी ८:४५)

मास्तरांना अनुमोदन. आमच्या चिरंजीवांनी शेजारच्या काकांचा हापूस निवडलाय. मे महिन्यात निरीक्षण फार बारकाईने चाललंय. :)

जाता जाता, घाईचं आहे म्हणून लिहितो. सध्या शून्य सावलीचे दिवस आहेत! सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली काही क्षण दिसेनाशी होते. सांगली-मिरजेत आज-उद्या, साताऱ्यात साधारण १०-११ मेला. वेळ बाराची नाही, आपल्याकडे साडेबाराच्या आसपास. सपाट जागेवर पाण्याची भरलेली बाटली किंवा वरवंटा उभा ठेवा आणि सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी खडूने सावलीची खूण करा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत हा योग येतो, पण तेव्हा ढगांमुळे काही दिसत नाही. त्यामुळे मेच खरा. आणि विकत काही आणायचं नाही, दोन_शिफ्ट ताई.

---

नेमकं_बोलतो (७ मे, दुपारी १२:०२)

सगळं वाचलं. छान आहे, पण थोडं जमिनीवर या. शिष्यवृत्ती, नवोदय, सैनिक स्कूलच्या परीक्षेला झाडाच्या वहीचे मार्क मिळत नाहीत. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात, १९६१ पासून. तिथे जायचं स्वप्न बघणारी पोरं आपल्या गावागावांत आहेत. गरीब घरातल्या मुलाला वर यायचा तो रस्ता आहे. त्याचे शनिवार पाऊस मोजण्यात घालवायचे का? शहरातली मुलं क्लासला जातात आणि आपली मुलं बाटल्या कापत बसतात, असं व्हायला नको. मी स्वतः शिष्यवृत्तीच्या पैशांवर पुढे शिकलो आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

---

कृष्णाकाठची (७ मे, दुपारी १२:४०)

नेमकं_बोलतो, तुमची कळकळ पोचली. पण आलेख वाचणं, सरासरी, दशांश अपूर्णांक, एककांचं रूपांतर हे सगळं त्याच परीक्षांत येतं ना? बाटलीवरचे १२.५ मिलिमीटर वाचणाऱ्या मुलाला दशांश चिन्ह कशासाठी असतं ते सांगावं लागत नाही.

---

निवृत्त_मास्तर_पलूस (७ मे, दुपारी ४:१५)

यात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. शिष्यवृत्तीचा सराव हवाच, मीही घेत होतो. पण तो आठवड्याचे पाच दिवस चालतोच, आणि सराव करून घेतलेलं मूल ओळखीचा प्रश्न सोडवतं, अनोळखी प्रश्नाला थबकतं. त्यासाठी शनिवार राखून ठेवा.

आपल्या मातीतलंच उदाहरण देतो. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला ती साताऱ्यात आली. बोर्डिंगातली मुलं स्वयंपाक करायची, शेतात राबायची आणि शिकायची. 'कमवा आणि शिका' हे शब्द आपण भिंतीवर लिहितो. हाताने काम केल्यामुळे त्या मुलांचा अभ्यास मागे पडला असं कुणी म्हणू शकेल का? त्यांतले किती जण पुढे कुठल्या कुठे पोचले ते घरोघरी विचारा.

---

नेमकं_बोलतो (७ मे, सायंकाळी ६:३०)

अण्णांचं नाव घेतलंत, आता बोलायला जागा नाही. पण शनिवारचा एक तास सरावाला ठेवा, एवढी विनंती कायम.

---

वाईची_लायब्ररी (७ मे, रात्री ८:२०)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे फुकट साहित्य. माझा आवडता विषय.

'किशोर' मासिक. बालभारती १९७१ पासून काढते आणि जुने अंक ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मी काय करते सांगते. महिना सुरू झाला की त्याच महिन्याचा एखादा जुना अंक काढते, उदाहरणार्थ ऑगस्टात ऑगस्टचाच, आणि त्यातली एक गोष्ट वर्गात मोठ्याने वाचते. आजी-आजोबांनी लहानपणी हाच अंक वाचलेला असू शकतो, म्हणून मुलं घरी जाऊन विचारतात.

सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकंही तिथेच पीडीएफमध्ये आहेत. चौथीच्या मुलाला सहावीचं विज्ञान चाळू द्या, काही बिघडत नाही.

मराठी विश्वकोश. त्याचं काम आमच्या वाईतून चालतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. सगळा कोश ऑनलाइन मोफत आहे. भाषा लहान मुलांना जड जाते, पण शिक्षकाने आधी वाचून सोपं करून सांगावं. पळस, हळद, भूकंप, काहीही शोधा.

'स्टोरीवीवर'वर मराठीत चित्रगोष्टी आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या. छापून घ्यायला परवानगी लागत नाही.

आणि भिलार. २०१७ च्या मेमध्ये ते पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणाच्याही ओसरीत बसून वाचायचं. पाचगणीची सहल काढता ना? त्यातले दोन तास टेबललँडवरून कमी करा आणि भिलारला द्या. मुलांना आधीच सांगा की प्रत्येकाने एक पुस्तक पूर्ण वाचायचं, मग गडबड होत नाही.

---

मिरज_तार (७ मे, रात्री ९:०५)

मिरजेच्या सतारी आणि तानपुरे बनतात त्या गल्लीत एकदा मुलांना न्या. वाळलेला भोपळा, लाकूड, तारा, आणि कान लावून बसलेले कारागीर. जाण्याआधी वर्गात एक प्रयोग करा. फळीवर दोन खिळ्यांत तार ताणा आणि छेडा. मग बरोबर मध्यावर बोट दाबून छेडा. तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. निम्मी लांबी, दुप्पट कंपनं. अपूर्णांक कानाने शिकवता येतो.

---

रानवाटा_सातारा (८ मे, सकाळी ६:५०)

सप्टेंबरात सगळे कासचं नाव घेतील, म्हणून आधीच लिहितो. कृपा करून पन्नास-साठ मुलांच्या बसगाड्या शनिवार-रविवारी कासला नेऊ नका. जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर आहे, त्यावर साडेआठशेहून जास्त जातींच्या सपुष्प वनस्पती. एक पाय पडला की तो तुकडा त्या वर्षापुरता संपतो. गर्दीत मुलांना पुढच्याची पाठ दिसते, फूल दिसत नाही.

---

फलटणचा_टाळ (८ मे, सकाळी ९:३०)

रानवाटा, पण मग आमच्या मुलांनी कास बघायचंच नाही का? पर्यटकांनी बघायचं आणि जिल्ह्यातल्या मुलांनी फोटोत?

---

रानवाटा_सातारा (८ मे, सकाळी १०:१५)

नाही, नाही, जरूर बघा. आठवड्याच्या मधल्या वारी, आधी नोंदणी करून, छोट्या गटाने. आणि फक्त दोनच फुलं शोधायची असं ठरवून. सीतेची आसवं बघा. निळं-जांभळं नाजूक फूल, पण जमिनीखाली बारीक फुगे असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकतात. मुलांना विचारा, झाडाने किडे का खावेत? उत्तर पायाखाली आहे. दगडावरच्या त्या पातळ मातीत पोषण कमी. दुसरं, दवबिंदू नावाचं रोप. त्याच्या चिकट थेंबांवर किडा अडकलेला दिसतोच.

आणि गावाजवळच्या माळावर, ओल्या कातळावर ऑगस्ट-सप्टेंबरात गुडघे टेकून बघा. सोनकी, तेरडा, कधी कधी हीच आसवंसुद्धा सापडतात. ते आपल्या गावाचं पठार. त्याला तिकीट नाही.

फलटणकर, पालखीचं तुम्हीच लिहा. माझ्यापेक्षा तुमचा अधिकार.

---

फलटणचा_टाळ (८ मे, सकाळी ११:४०)

लिहितो की! माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, मग सोलापूर जिल्हा. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, अभ्यासाचं ओझं नसतं, तेव्हा हाच पहिला उपक्रम.

आमच्या शाळेत दोघा-दोघांच्या जोड्या करतात. प्रत्येक जोडीने मुक्कामाच्या दिवशी वारकऱ्यांना तीनच प्रश्न विचारायचे. गाव कुठलं, तालुका कुठला, घरी शेतात आत्ता काय आहे. परत येऊन महाराष्ट्राच्या नकाशावर टिकल्या लावायच्या. हिंगोली, परभणी, जालना, बुलढाणा, सगळीकडे टिकल्या पडतात. कुणाकडे पेरणी झालेली असते, कुणाकडे पाऊसच नसतो. वारकरी माउली इतक्या प्रेमाने उत्तरं देतात की बुजरं मूलसुद्धा बोलायला लागतं. माझी धाकटी अनोळखी माणसाशी पहिल्यांदा बोलली ती तिथे.

---

हरिपूरची_हळद (८ मे, दुपारी ३:००)

फेब्रुवारीसाठी माझ्याकडून. तेव्हा हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी जोरात असते.

चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, त्यात कोऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवा आणि सावलीत वाळवा. पिवळ्या पट्ट्या तयार. आता साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, लाल डाग पडतो. त्यावर लिंबू पिळा, परत पिवळा. मुलं किंचाळतात! मग घरभर फिरायचं. खायचा सोडा, चुन्याची निवळी, ताक, चिंचेचा कोळ, राखेचं पाणी. पट्टी कशाने लाल होते आणि कशाने नाही, याची यादी मूल स्वतः करतं. पांढऱ्या शर्टावरचा आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, हे आईला तेच समजावून सांगतं. हळदीचं कुंकू करतात तेही याच गुणावर.

हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. २००५ च्या पुरात त्यांचं फार नुकसान झालं. जुन्या माणसांकडून पेवाची गोष्ट ऐकवा, आत उतरायच्या आधी हवा कशी तपासायचे ते विचारा. विज्ञानाचा अख्खा पाठ त्यात आहे.

तासगावकडच्यांनी बेदाण्याचं लिहा. एक किलो द्राक्षं वाळवून किती बेदाणा उरतो ते वर्गात तोलून बघता येईल.

---

तासगावची_लेक (८ मे, दुपारी ४:३०)

लिहिते. ढोबळ हिशेब चार किलोला एक किलो. पण मुलांना आधी सांगू नका, अंदाज लिहायला लावा. बाकीचे तीन किलो गेले कुठे, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

---

कोपीवरची_शाळा (८ मे, रात्री १०:२०)

सगळं वाचत होते. एक गोष्ट राहून जाते आहे.

वाळवा तालुक्यात शिकवते. दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. उसाच्या फडाजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडतात. त्या कोप्यांतली मुलं मी दरवर्षी घरोघर जाऊन वर्गात आणते. पट उघडा आहे, वर्षात केव्हाही दाखल करता येतं, कागदपत्रांसाठी कुणी अडवू नये. काही साखरशाळेत जातात, बरीच कुठेच जात नाहीत. धाकट्या भावंडाला सांभाळतात, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतात.

तुमच्या 'माझं झाड'मध्ये जूनपासून वही भरलेली असते. नोव्हेंबरात आलेल्या मुलाकडे कोरी वही. ते पहिल्याच दिवशी मागे पडतं. म्हणून माझी विनंती, वर्षाची आखणी करताना प्रत्येक उपक्रमाला नोव्हेंबरात एक दार ठेवा. नव्या मुलाने आपल्या गावचं झाड आठवणीतून काढावं. पर्जन्यमापकाच्या तक्त्यावर त्याच्या तालुक्याचा रकाना असावा. त्याच्याकडे आपल्या मुलांना माहीत नसलेलं पुष्कळ असतं. गाव ते फड अशी वाट त्याने पाहिलेली आहे, मोळी किती उसांची बांधायची, बैलगाडीत किती टन भरतं, पहाटे किती वाजता फडावर जायचं, हे त्याला ठाऊक आहे. एकदा टन-क्विंटल-किलोचा पाठ मी अशा एका मुलाला फळ्यापाशी उभं करून घेतला. अख्खा वर्ग त्याला प्रश्न विचारत होता. मार्चमध्ये ते कुटुंब परत निघालं तेव्हा त्याने वही सोबत नेली.

आणि जाताना त्यांच्या हातात पुढच्या शाळेसाठी एक पान द्या. काय शिकून झालं, काय आवडतं. तिकडच्या बाईंना फार उपयोग होतो.

---

दोन_शिफ्ट (८ मे, रात्री १०:५०)

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ताई, तुमच्या शाळेसाठी वह्या हव्या असतील तर सांगा. कंपनीतल्या बायका मिळून देऊ.

---

कोपीवरची_शाळा (८ मे, रात्री ११:०५)

वह्या चालतील. जुन्या 'किशोर'ची छापील पानं असतील तर जास्त आवडतील. निरोप पाठवते.

---

जुनं_रजिस्टर (९ मे, सकाळी ९:१०)

जयंत्या-दिनविशेषांबद्दल लिहितो. वर्षभर भाषणं चालतात, पाठ केलेली, तीच ती. त्याऐवजी कागद दाखवा.

७ नोव्हेंबर १९०० ला डॉ. आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर चढलं. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. म्हणून तो विद्यार्थी दिवस. त्या दिवशी आपल्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर कपाटातून काढा. मुख्याध्यापकांनी स्वतः पानं उलटायची. सगळ्यात जुनी नोंद कोणत्या सालची? मुलांना आजोबांचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण सापडतं. 'घरकाम', 'गुरे राखणे' असे शेरे असतात.

मग ३ जानेवारीला तेच रजिस्टर परत काढा आणि पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली ते शोधा. सावित्रीबाई आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, जन्म १८३१. आपल्या गावातली पहिली मुलगी शाळेत यायला त्यानंतर किती वर्षं लागली, ही वजाबाकी मुलींना करू द्या. आमच्या गावात त्या पहिल्या मुलीची नात अंगणवाडी सेविका निघाली. तिला वर्गात बोलावलं, मुलांनी तासभर सोडलं नाही.

५ नोव्हेंबरही घ्या. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तो रंगभूमी दिन. दिवाळीच्या आगेमागे येतो, पण दहा मिनिटांचं नाटुकलं बसवायला निमित्त चांगलं आहे.

---

औंधकर (९ मे, दुपारी १२:३०)

औंधचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय विसरू नका. पंतप्रतिनिधींनी उभारलेलं, यमाईच्या डोंगरावर. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. मुलांना पळवू नका, प्रत्येकाने एकाच चित्रासमोर बसायचं आणि बघून वहीत काढायचं. रांगेत फिरून आलेल्या मुलाला घरी गेल्यावर काही आठवत नाही, काढलेलं चित्र आठवतं.

---

दोन_शिफ्ट (१० मे, दुपारी १:२०)

आज सुट्टी होती. शून्य सावली बघितली! कराड सांगली-साताऱ्याच्या मधोमध, म्हणून काल-आजचा अंदाज धरला. अंगणात वरवंटा ठेवला, मुलाने खडूने खुणा केल्या. साडेबाराच्या सुमाराला सावली बुडाशी गोळा झाली आणि दिसेनाशीच. खर्च शून्य. शेजारची सहा पोरं जमली होती. त्याचा पुढचा प्रश्न, "दिल्लीला कधी होतं?" याचं उत्तर कुणीतरी द्या, तो वाट बघतोय.

---

गच्चीवरून_सांगली (१० मे, दुपारी १:४५)

वा! त्याला सांगा, दिल्लीला कधीच नाही. सूर्य डोक्यावर येतो तो कर्कवृत्तापर्यंतच आणि दिल्ली त्याच्या उत्तरेला आहे. नकाशात कर्कवृत्त शोधायला लावा, भोपाळच्या जरा वर सापडेल.

---

वडाची_पारंबी (१० मे, रात्री ८:३०)

सगळ्यांचे मनापासून आभार. मी बारा महिन्यांचे बारा उपक्रम शोधत होते. आता ते नको वाटतं. तीन गोष्टी वर्षभर चालवणार. पाऊस, झाड आणि रजिस्टर. पालखी, हळद, आलेख हे त्या त्या वेळी जोडत जाईन. घरी न्यायचा तो फक्त जेवतानाचा प्रश्न. नोव्हेंबरात येणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक तक्त्यावर आत्ताच मोकळे रकाने आखून ठेवले आहेत, आमच्याकडेही कोप्या पडतात. सरावाचा एक तासही ठेवला आहे, नेमकं_बोलतो.

पावसाच्या साखळीत कोरेगाव, दहिवडी, सांगली झालं. महाबळेश्वर अजून रिकामं आहे.

---

धुक्यातली_शाळा (१० मे, रात्री ९:४०)

महाबळेश्वर तालुक्यातून मी. येतो साखळीत. पण तुमची बाटली आमच्याकडे पुरणार नाही. एका दिवसात दोनशे-तीनशे मिलिमीटर पडतो. भरली की मोजून ओतायची, परत लावायची आणि शेवटी बेरीज, असं करावं लागेल. आणि अतिवृष्टीत शाळेला सुट्टी असते, तेव्हा मापक माझ्या घराच्या अंगणात लावतो.

---

माणदेशी_वारं (१० मे, रात्री ९:५२)

मास्तर, तुमचं एका दिवसाचं आमचं निम्मं वर्ष हाय! या, या.

वेळ एकच धरू. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, आपणही साडेआठ. त्या आधीच्या चोवीस तासांचा आकडा. रविवारी कोण मोजणार ते प्रत्येक शाळेनं आत्ताच ठरवून ठेवा, न्हाईतर सोमवारी दोन दिवसांचं एकत्र येतंय आणि तक्ता बिघडतो.

---

वडाची_पारंबी (१० मे, रात्री १०:०५)

साडेआठ पक्कं. रविवारचं आमच्याकडे शाळेशेजारी राहणाऱ्या चौथीतल्या दोघी बहिणींनी मागून घेतलं आहे. १६ जूनपासून सुरू.